खांद्यावरचा हात

रविवार, संध्याकाळ

शहापूरच्या सत्कारात आज प्रशिक्षक सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकवर सांगितलं, "हिला मी घडवलं." मी शाळेत असताना ह्याच माणसाने मला जिल्ह्याच्या संघातून काढलं होतं. डोळखांबच्या पाड्यावरची पोर लांब पल्ल्याला टिकणार नाही म्हणे. मग मी एकटीच घाटरस्त्याला धावत राहिले, आणि परवा दहा हजार मीटरला राज्यात पहिली आले. तो हात! अजून किळस येतेय. सगळ्यांसमोर बाजूला केला मी.

"फोटो आहे गो, हस," सर पुटपुटले.

"तुमच्यासोबत नाय हसायची," मी म्हणाले आणि मंचावरून उतरले.

चुकलं का माझं? जीप घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "मी त्याला ढकललंच असतं."