खळवाडीतलं न मोजलेलं घर

५ ऑक्टोबर, रविवार

आलो एकदाचे! मंगरूळपीरहून टेम्पो नऊला निघाला आणि साडेदहाला वाशीमच्या खळवाडी ले-आऊटमध्ये प्लॉट नंबर अकरापुढे उभा राहिला. एकही कुंडी फुटली नाही. बायको धम्मदीपा म्हणाली की नऊ बिऱ्हाडं हलवण्यात हे पहिलंच धडपणे झालं.

भूकरमापकाच्या नोकरीत वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःची टीचभर नाही. दहावं घर आपलं असेल असं धम्मदीपानं मला बजावून ठेवलं होतं. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. लग्न करून पाहिलं. घर मात्र आधी राहून पाहायचं ठरवलंय. मालक माणिकराव मुलाकडे पुण्याला असतात. महिनाभर भाड्यानं राहू, वस्ती कशी, पाणी किती, शेजार कसा ते सगळं बघू आणि मगच खरेदीखत करू, हे त्यांनी फोनवर कबूल केलं. ही वही त्याच नोंदींसाठी.

पहिल्या दिवसाचा शेरा: उत्तम. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना निंब. आमच्या तनुजानं खिडकीची खोली बळकावली. तिसरीतली पोरगी, पण ताबा घेण्यात पटाईत. शेजारच्या नानीबाईंनी उकडलेल्या शेंगांचं ताट आणलं. पूर्वी इथं गावाची खळी होती, म्हणून खळवाडी, असं त्यांनी सांगितलं. सोयाबीन काढणीचे दिवस असल्यानं सगळीकडे बारीक धूळ आहे, पण ती तर जिल्हाभर आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ही वस्ती आहे की थट्टा?

गवळी देवमन आला. लिटर सांगितलं, तर त्यानं कॅन वाकडा करून भांड्यात अंदाजानं दूध ओतलं. माप कुठं आहे विचारलं. म्हणाला, माप नाई आणत इकडे, कमी वाटलं त सांगा, अजून टाकतो. कोपऱ्यावर हेमसिंगचं किराणा दुकान. पाव किलो शेंगदाणे मागितले, तर त्यानं बंद पाकीट पुढं केलं. दुकानात वजनकाटाच नाही! मी वैधमापन कायद्यावर दोन मिनिटं बोललो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि वरून मूठभर शेंगदाणे फुकट दिले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

नळ किती वेळ असतो, असं नानीबाईंना विचारलं. म्हणाल्या, येते तेवढा वेळ येते. तुमचं वय काय, तर हसल्या. सकाळपासून डोकं तडकलंय.

८ ऑक्टोबर, बुधवार

माणिकरावांना फोन केला. प्लॉट किती चौरस फूट, एवढा साधा प्रश्न. उत्तर: चार माणसं आरामात राह्यतीन एवढा. मी म्हटलं, मी मोजणी खात्यातला माणूस आहे, मला आकडा हवा. ते म्हणाले की आकडा खरेदीच्या दिवशी पाहू, तवर मोजून नका राहू. असं म्हणणाऱ्या माणसानं नक्की शेजाऱ्याची दोन फूट जागा दाबलेली असते. वीस वर्षांचा अनुभव आहे.

आपला हात जगन्नाथ. ऑफिसातून आलो आणि पोलादी टेप काढला. प्लॉट तीस बाय पन्नास, अगदी चोख. बैठकीची खोली पंधरा फूट चार इंच बाय अकरा. नळ पंचावन्न मिनिटं. फाटकापासून तनूची शाळा चारशे बारा पावलं. सगळं या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि पोटभर जेवलो.

मी टेप लावत होतो तेव्हा नानीबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. मी हात केला. त्या आत गेल्या आणि भर उजेडी दार लावून घेतलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज शाळा तीनशे श्याण्णव पावलांवर. जवळ आली तर चांगलंच आहे, असं मी गमतीनं म्हटलं. पण नळ चाळीसच मिनिटं होता. त्यात संध्याकाळी दिवाण सरकवायला गेलो, तर भिंतीशी लावलेल्या कपाटाचं दार उघडेना. आलो त्या दिवशी दोन्हींच्या मधून माणूस जात होता.

खोली मोजली. पंधरा फूट.

टेप ताणला गेला असेल म्हणून ऑफिसच्या पिशवीतला दुसरा काढला. पंधरा फूटच. धम्मदीपाचं म्हणणं की पहिल्या दिवशी मीच घाईत चुकलो. मी! शेतकऱ्यांच्या काठ्यांसमोर इंच न इंच बरोबर काढणारा मी, आणि स्वतःच्या बैठकीत चार इंच चुकेन? फार संताप आला. रागारागात तिसऱ्यांदा मोजायला घेतलं, तर तिनं टेप हिसकावून कपाटावर ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

तनूचा आठवा वाढदिवस. आमच्याकडे दर वाढदिवसाला तिला चौकटीशी उभी करून पेन्सिलीनं खूण करतात. घर भाड्याचं म्हणून आजवर प्रत्येक घरमालकाची बोलणी खाल्ली. या वेळी धम्मदीपा म्हणाली की ही खूण आता पुसायची नाही, घर आपलंच होणार. चार फूट दोन इंच. पोरगी टाचा उचलत होती, दोनदा दाबून उभी केली.

नानीबाई खिरीची वाटी घेऊन आल्या आणि चौकटीपाशी थबकल्या. "लेकराले मोजलं का जी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या खाली उंबऱ्यावर बसल्या. मग वाटी तिथंच ठेवून निघून गेल्या. चांगल्या दिवशी लोकांचे हे चाळे मला अजिबात खपत नाहीत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नळ पुन्हा पंचावन्न मिनिटं. कपाट उघडतंय. खोली मोजली: पंधरा फूट चार इंच. म्हणजे मीच वेडा ठरलो. धम्मदीपा दिवसभर हसत होती.

तनूच्या शाळेच्या बुटांत कापूस कोंबावा लागला. जूनमध्ये घेतलेले बूट, परवापर्यंत घट्ट होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वाढदिवसाचा झगा पोटरीपर्यंत आलाय. रविवारी गुडघ्याखाली होता. कापड सैल पडलं असेल, असं धम्मदीपा म्हणते.

बेसिनच्या नळाला हात पुरेना म्हणून तनूनं मला हाक मारली. मी तिला उचललं. फार हलकी लागली.

चौकटीशी उभी केली. खुणेच्या पार खाली. तीन फूट अकरा इंच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, पोरं आठवड्यात तीन इंच कमी होत नसतात, मोजणाऱ्याची चूक होत असते. मोजणाऱ्याची चूक! मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. धम्मदीपानं मला ओढत बाहेर आणलं. रस्ताभर भांडलो. ती म्हणाली की घर घ्यायचं नसेल तर सरळ सांगा, पोरीला मध्ये घालू नका. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्याच आहेत, ती तनूला घेऊन रिसोडला भावाकडे गेली.

एसटीच्या पायरीवर तनूचा पाय पोचला नाही. कंडक्टरनं उचलून घेतलं. धम्मदीपानं माझ्याकडे पाहिलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

रिसोडहून फोन. धम्मदीपाचा आवाज बारीक झाला होता. तनूच्या बांगड्या हातातून आपोआप गळतात. भावाच्या चार वर्षांच्या पोराचा शर्ट तिला झालाय. पोरगी खेळते, जेवते, दुखत काही नाही. पण.

मी सरळ नानीबाईंच्या घरात शिरलो. ओरडलोच असेन. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं. ऐकलं तसं लिहितो, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल.

खळ्यावर रास मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. शेवटची पायली खरडून भरत नाहीत, मूठभर दाणे भुईवर सोडतात. ते भुईचं. मग या खळ्यांवर प्लॉट पाडणारे आले. त्यांनी इंचाइंचानं सगळी भुई मोजली, तिचं काहीच सोडलं नाही. "तवापासून तिची भूक राह्यली जी. इथं मोजलं का सरते. नाई मोजलं त किती हाय हे तिले मालूम नाई पडत." वस्तू मोजली तर ती वस्तू खाते. माणूस मोजलेला सापडला की बाकी सगळं सोडून त्यालाच धरते. दूर नेलं तरी सुटत नाही.

सुटका कशी, हे मी विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, माणसाच्या जागी माणूस. त्याच उंबऱ्यात, पायापासून डोक्यापर्यंत. त्यांचा मुलगा तापात होता, कोणीतरी त्याची उंची घेतली होती. "आमचे मालक, पोराचे बाप, गेले त्याच्या जागी. नऊ दिवस पुरले."

मी त्यांना शिव्या दिल्या. घरी येऊन या वहीत हे सगळं लिहिलं. लिहिताना हसू येईल असं वाटलं होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज दुपारी धम्मदीपाचा फोन. रडत होती. तनूला आता पाटावर उभी राहूनही टेबलावरचं—

काय लिहितोय मी.

टेप काढला. टाचा चौकटीला टेकवल्या, डोक्यावर पट्टी आडवी धरली, खूण केली. पाच फूट सात इंच. वीस वर्षांत इतकी बिनचूक मोजणी केली नसेल. मूठभरही सोडलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. सकाळी सातला फोन. धम्मदीपा हसत होती, रडत होती, काय करत होती कोण जाणे. वाढदिवसाचा झगा तनूच्या गुडघ्याखाली आलाय! बूट घट्ट! मी फोन ठेवून खूप रडलो. आनंदानं.

आता मी पाच फूट तीन.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पँटचे पाय दुमडले. ऑफिसला सुट्टी आहे हे बरं. धम्मदीपाला फोनवर सगळं सांगितलं, अगदी सगळं. तनूला इथं आणू नकोस, आणलीस तर मोजू नकोस, शपथ घे. ती म्हणाली की ते चार दिवस मला आठवायचेही नाहीत, बूट कंपनीचेच खराब होते, झगा धुतल्यावर आटला, आणि तुमच्या डोक्यातलं हे मोजमापाचं भूत मला काढावंच लागेल. पोरीला तुमच्यासमोर मोजून दाखवते, एकदा डोळ्यांनी बघा आणि खरेदीखतावर सही करा. मी ओरडलो. आवाज बारीक निघाला, पोरासारखा. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. तिनं फोन ठेवला.

कसं सांगू या बाईला? हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर मनगटातलं घड्याळ दंडापर्यंत चढलंय.

२४ ऑक्टोबर

समोरच्या दाराची वरची कडी लावून ठेवली होती. आता ती माझ्या हाताबाहेर. बरंच आहे. कोणी आत यायचं नाही.

दोन्ही टेप उंबऱ्यापासून ओढत नेले. दिवाणाखाली ढकलले. धाप लागली. चौकटीवरची तनूची खूण ओल्या फडक्यानं पुसली. उडी मारून पुसली.

२५ ऑक्टोबर

फोन वाजतोय. टेबलावर. खुर्चीवर चढता येत नाही.

वाजून वाजून थांबला.

तनूचा आवाज ऐकायचा होता, एवढंच.

२६ ऑक्टोबर

पेन उचलत नाही. पेन्सिलीचं शिसं मोडून घेतलं. वही भुईवर होती हे नशीब. पानावर रांगत लिहितो. एक ओळ म्हणजे केवढी वाट—

नानीबाई भिंतीपलीकडून हाका मारत होत्या. ओ दिली. ऐकू गेली नाही.

हरकत नाही. पोरगी वाढतेय. हे पुन्हा लिहितो. पोरगी वाढतेय.

२७

फाटक वाजलं.

धम्मदीपा. दार ढकलतेय. फोन का उचलत नाही म्हणून रागावलीय. कडी आहे. कडी पक्की आहे—

मागचं दार. मागचं दार मी नुसतं ओढून घेतलं होतं.

तनूची पावलं. धावत. जमीन हादरते. केवढी मोठी झालीय. किती सुंदर दिसते—

मला शोधताहेत. बाबा ऑफिसात गेले असतील म्हणते. मी ओरडतोय. ओरडतोय.

तिच्या हातात कागदाची गुंडाळी. मामानं नव्या घरासाठी दिलीय. उलगडली. जिराफ. मानेवर आकडे. खालून वर आकडे—

भिंतीला चिकटवली.

तनू नको बाळा. तनू. वाक. बस खाली. इकडे बघ, खाली, पानावर बघ, मी इथं—

धम्मदीपा म्हणतेय बाबा येईपर्यंत मोजून ठेवू, सरळ उभी राहा, टाचा भिंतीला—