उत्तरेच्या कडेचे गवत

मी, लव्हॉन ह्रुस्का, कै. एमिल ह्रुस्का यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार प्लम क्रीक, नेब्रास्का, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या वडिलांच्या चावऱ्या कुत्र्याचे नावही सांगितले.

राहते घर, भांडी आणि फ्रीजरमधले गोमांस मुलगी जॅनेल हिला द्यावे. तिच्या नवऱ्याने माझ्या खुर्चीत बसू नये.

आता उत्तरेकडची गवताची जमीन. ती न नांगरण्याबद्दल आणि तिथे गुरे न चारण्याबद्दल सरकार दर ऑक्टोबरला पैसे देते. एमिल म्हणायचा, बसून राहण्याचा पगार मिळवणारे आपण पहिलेच ह्रुस्का. दुष्काळात माझ्या मुलाने, रॉइसने, परवानगी न घेता तिथे गुरे सोडली. शेजारचा अर्डेल कोटास आमच्याच मतांवर हे पैसे वाटणाऱ्या जिल्हा समितीत निवडून गेलेला. त्याने आमचे पैसे थांबवले. नियमाने बरोबरच केले, पण ही जमीन त्याच्या मनात पहिल्यापासून होती. रॉइसने गावच्या धान्य कोठारावर सगळ्यांदेखत पान्याने त्याचा जबडा फोडला. गव्हात पडलेले दात अर्डेलने स्वतः वेचले आणि खिशात घातले. तक्रार केली नाही. तेव्हाच मला भीती वाटली होती.

वसंतात हे गवत जाळावे लागते, तसा सरकारी करारच आहे, आणि त्या दिवशी भांडण असले तरी शेजारी मदतीला येतात. वारा दक्षिणेचा असला की आधी उत्तरेच्या कडेची पट्टी जाळून काळी करायची, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. ती झाली की तिथला माणूस हात वर करतो, मग दक्षिणेकडून पेटवायचे. रॉइस पाण्याची टाकी घेऊन उत्तरेला होता. त्याने हात वर केलाच नव्हता. अर्डेलने पेटवले. ज्वाळा आमच्या गोठ्याच्या छपरापेक्षा उंच गेल्या. रॉइस ट्रॅक्टरखाली सापडला. त्याचे बूट पायांपासून वेगळे करता आले नाहीत, तसाच पुरला.

शेरीफने अहवालात लिहिले, वारा फिरला. खोटे आहे. माझ्या दोरीवरच्या चादरी दिवसभर उत्तरेलाच उडत होत्या.

रॉइसचा मुलगा कोल्बी तेव्हापासून गाडीत आजोबांची रायफल घेऊन फिरायचा. जेवताना म्हणाला, "आजी, तू नुसती मान हलव. कोटासला त्याच्याच दारात आडवा करतो."

"बटाटे खा," मी म्हटले, "आणि आवाज खाली कर."

दुसऱ्या दिवशी वेल्डरकडून मी रायफलीची नळी मधोमध कापून आणली. अर्धी कोल्बीला, अर्धी अर्डेलला द्यावी. एक पोरगा मी पुरला आहे. दुसरा तुरुंगात जाऊ देणार नाही.

उत्तरेची जमीन कोल्बी आणि अर्डेल दोघांना निम्मी निम्मी. अट एकच. माझ्यानंतरच्या पहिल्या जाळणीला अर्डेलने टाकी घेऊन उत्तरेच्या कडेला, रॉइस उभा होता तिथेच, उभे राहावे. दक्षिणेला मशाल कोल्बीच्या हातात असेल. अर्डेल आला नाही तर त्याला काही मिळणार नाही. अर्डेलला चटका जरी बसला तरी सगळी जमीन त्याच्या बायकोची.

हे कलम मी अर्डेलला घरी बोलावून वाचून दाखवले. त्याचे तोंड अजून वाकडेच आहे.

"लव्हॉनकाकू, पोरगा जाळेल मला."

"तू हात वर करेपर्यंत तो थांबतो का, तेच बघायचंय."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मी थांबलो नव्हतो, काकू."

"माहीत आहे. येणार का?"

"येईन."

मी त्याला माफ केलेले नाही. कॉफी दिली.

माझ्या पांढऱ्या चादरी कोल्बीला द्याव्यात. जाळणीच्या दिवशी जॅनेलने त्या दोरीवर घालाव्यात. कोल्बी, पेटवण्याआधी त्यांच्याकडे बघ. मग अर्डेलच्या हाताकडे बघ. तो वर होईपर्यंत थांब रे, बाळा.

वाचून, समजून सही केली.

लव्हॉन ह्रुस्का
प्लम क्रीक, ९ मार्च २०१५

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष:
पाद्री मिलार्ड ओस्टर
ग्लेंडा विट, धान्य कोठारावर वजन करणारी