पान क्रमांक तीनवर मांजर

९ फेब्रुवारी
चिमीला आज नऊ महिने पूर्ण. लस टोचली. ती थोडी रडली. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, पण ते वेगळ्या कारणाने. नर्सबाई म्हणाल्या, आतापासून हिच्याशी भरपूर बोला, पुस्तकं दाखवा. मला हसूच आलं. अकरा वर्षं बसस्टँडवर घोषणा करतोय. माझ्या आवाजावर लोक गाड्या पकडतात, आणि ह्या मला बोलायला शिकवणार.
संकल्प: चिमीचा पहिला शब्द 'बाबा'. मुदत पहिल्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे ९ मे. आरामात होईल.

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
ड्यूटीला जाण्याआधी चिमीशी बोलणार होतो. ती झोपलेली. माझा दोष नाही.
संध्याकाळी: ती जागी, मी दमलेला. बायको म्हणाली, जगाला ओरडून सांगतोस आणि घरात आलास की मुका. घसा हे माझं भांडवल आहे, हे तिला कळत नाही.

१३ फेब्रुवारी
अफलातून आयडिया. रेकॉर्डिंग. लाल रंगाचा छोटा स्पीकर आणला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या माइकसमोर बसून चिमीचं कापडी पुस्तक वाचलं. कृपया लक्ष द्या. पान क्रमांक तीनवर मांजर येत आहे. मांजराचा रंग पांढरा आहे. उच्चार एकदम स्वच्छ. आम्ही दोघं कामावर असताना चिमीला सासूबाई सांभाळतात. रोज दोन तास लावा, असं त्यांना बजावलंय. त्या बरं म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला कधीच बरं वाटत नाही.

२० फेब्रुवारी
सुट्टी. सासूबाईंच्या पद्धतीचं निरीक्षण केलं. पद्धतच नाही. बोलण्याला शेंडा ना बुडखा. चिमी 'बुबुबु' म्हणाली की ह्याही 'बुबुबु'. मग हो का गं, मग काय झालं, असं विचारतात आणि चक्क उत्तराची वाट बघत बसतात. पुस्तक चिमीच्या तोंडात. पान तीनचं मांजर चिंब ओलं. मी सौम्यपणे सांगितलं की पुस्तक वाचायचं असतं. त्या म्हणाल्या, आधी चावू दे, तिला ते आपलं तर वाटू दे. अशा माणसाशी काय वाद घालणार.

४ मार्च
प्रगती. स्पीकर लावला की चिमी खुदकन हसते आणि रांगत त्याच्याकडे सुटते. वडिलांचा आवाज ओळखला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्याकडे कधी अशी रांगत आली का? मी म्हटलं, स्पीकर एका जागी असतो, मी हलता असतो. शास्त्रीय कारण आहे.

१९ मार्च
भाग दोन रेकॉर्ड केला. 'बाबा' हा शब्द दोनशे वेळा, मध्ये एक सेकंद विश्रांती. माइकचं बटण चालू राहिलं होतं, हे त्रेसष्टाव्या 'बाबा'नंतर कळलं. कंट्रोलरसाहेबांनी लेखी खुलासा मागितला. 'यंत्रणेची चाचणी' असं लिहून दिलं.

२ एप्रिल
चिमी सासूबाईंना 'आज्जा' म्हणाली म्हणे. मी ऐकलेलं नाही, म्हणून नोंद नाही. स्पीकर आता चार तास.

२४ एप्रिल
बायको म्हणाली, ते खोकं बंद कर आणि तिला रोज दहा मिनिटं मांडीवर घे. मी म्हटलं, घेऊन बोलू काय, मजकूर नको का? ती कपडे वाळत घालायला गेली.
सोमवारपासून मांडी, नक्की.

२८ एप्रिल, सोमवार
ओव्हरटाइम.

९ मे
वाढदिवस. मुद्दाम रजा घेतली. चिमीला सतरंजीच्या मधोमध बसवलं. मी समोर, बायको आणि सासूबाई बाजूला. बायकोने विचारलं, चिमे, बाबा कुठाय? चिमी निघाली. मी हात पसरले. ती माझ्या गुडघ्याला वळसा घालून स्पीकरपाशी गेली, त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बाबा.
उच्चार एकदम स्वच्छ.
मग तोंडातलं ओलं बिस्कीट काढून तिने त्याला भरवलं. तो बंद होता. तो काही बोलेना, तेव्हा तिचा ओठ थरथरायला लागला. कोणी हसलं नाही. सासूबाईसुद्धा नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
शब्द मुदतीत आला. म्हणजे नियमाने संकल्प पूर्ण.
खोटं कशाला लिहू. फार लागलं.

९ मे, संध्याकाळी ५.३०
स्पीकर कपाटावर ठेवला. चिमी त्याला शोधत रडत होती. मी जमिनीवर तिच्याजवळ बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, अगं, मी इथे आहे. तिचं रडं थांबलं. तिने आधी खुर्चीखाली बघितलं, मग माझ्याकडे. मग माझ्या मांडीवर चढून तिने माझ्या तोंडात बोट घातलं. आवाज कुठून येतो ते तपासत असावी.
बोट तोंडात असल्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही.