जाबुतिकाबाला फळ आलं

प्रिय झोराइद,

जाबुतिकाबाला फळ आलं! बारा वर्षं वाट पाहायला लावली मेल्या झाडानं. तू शाळेत असताना नदीकाठावरून वीतभर रोप आणलं होतंस, ते आता परसात माझ्या डोक्यावर गेलंय. रोज चार बादल्या पाणी घालायची मी, आणि कुंपणापलीकडून ओतासिलिओकाका चिडवायचे, "दाल्विना, खांबाला पाणी घालून पालवी फुटत नसते गं!" यंदा सप्टेंबरात खोडावरच पांढरी फुलं उठली आणि महिन्याभरात बुंध्यापासून फांद्यांपर्यंत काळी फळं चिकटली. बोट टेकवायला जागा नाही. पहिलं फळ दातांनी फोडलं, रस हनुवटीवर ओघळला आणि तुझी फार आठवण आली.

छोट्या लुसियाला घेऊन तू निघालीस त्याला आठ महिने झाले. त्या दिवशी तुझा डावा डोळा उघडत नव्हता. तुझा पत्ता मी कुणाला सांगितला नाही, पाद्रीबाबांनाही नाही.

तार तुला मिळाली असेलच. पण तारेत मावतं किती? गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर मी कुदळीनं झाडाचं आळं खणत होते, तर निवाल्दु फाटक ढकलून आत आला. हातात ऊसतोडीचा कोयता. "पत्ता दे, ताई. बायको माझी, पोरगी माझी." मी म्हटलं, "जीव गेला तरी देणार नाही." तो हसला. "नवरा मिळाला नाही म्हणून झाड पोसलंस ना? बघ आता!" आणि त्यानं खोडावर घाव घालायला सुरुवात केली. फळं फुटून माझ्या तोंडावर उडत होती. "अरे हैवाना!" म्हणत काका कुंपण ओलांडून धावले आणि त्यांनी त्याचा हात धरला. कोयता फिरला. काकांची दोन बोटं मातीत पडली. मग त्यानं माझे केस धरून पातं गळ्याला लावलं. कुदळ माझ्या हातातच होती. ती मी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला.

ठाण्यात लिहून घेतलंय की झटापटीत डोक्याला कुदळ लागून तो जागीच मेला, आणि बाईनं स्वतःचा जीव वाचवला. गावानं माझ्या दारात भाकऱ्या, कोंबड्या आणून ठेवल्या. बायका माझे हात हातात घेतात.

झोराइद, झटापट गुडघ्यापाशीच संपली होती. कोयता लांब उडाला होता. तो मातीत लोळत रडत होता, "ताई, पुरे. मारू नकोस." मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती, हेच मला तुला सांगायचंय. मग मी कुदळ उचलली. काकांनी पाहिलं. हाताला सदरा गुंडाळत ते एवढंच म्हणाले, "मी झटापट पाहिली, पोरी. बाकी काही पाहिलं नाही." सोमवारी मी ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगणार आहे. पत्र शनिवारी टाकतेय, म्हणजे तुझ्या हाती पडेल तोवर गुरुवार उजाडेल. तू मला अडवलं असतंस आणि मी थांबलेही असते. लुसियाला बापाविषयी काय सांगायचं ते तू ठरव. मावशीविषयी मात्र खरं तेच सांग.

तुझीच,
दाल्विनाताई