बाथटबमधले पंत

रविवार, १४ एप्रिल १९८५

आमच्या बाथटबमध्ये मगर आहे!

लिहून पाहिलं, तरी खरं वाटत नाही. श्रीरंग सकाळी जुन्या बाजाराला, फ्ली मार्केटला गेला होता, गवत कापायचं मशीन आणायला. आला तो बुटांचा खोका घेऊन. "सुनू, डोळे मीट." मी मीटले. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून मिटते! उघडले तर आत दीड वीत लांबीचं काळं-पिवळं पिल्लू. माझ्याकडेच बघत होतं. मी किंचाळले. श्रीरंग हसून हसून बेजार. "मगर नाही गं, अ‍ॅलिगेटर! टेक्ससमध्ये राहतो आपण. एवढं तर पाहिजेच यार."

गवत गुडघ्याएवढं वाढलंय, ते तसंच.

पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात चार बोटं पाणी घालून त्याला सोडलं. नाव ठेवलं पंत. श्रीरंगच्या वडिलांच्या कचेरीत म्हणे असे एक पंत होते, दिवसभर हलायचे नाहीत, पण नजर सगळ्यांवर. नाव शोभतं, हे कबूल करते.

बुधवार, १७ एप्रिल

पंत खातात काय? आणणाऱ्याने हे विचारलंच नाही! मी दूधभात ठेवला. ढुंकून पाहिलं नाही. उकडलेला बटाटा ठेवला, तर त्याच्यावर हनुवटी टेकून झोपले. श्रीरंग ऑफिसात कुणाला तरी विचारून आला – चिकन.

आता पंचाईत. श्रीरंग बाहेर बर्गर खातो, ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पण इथे येताना त्याने सासूबाईंना शब्द दिला होता की घरात मांस-मच्छी शिरणार नाही. तो शब्द तो अगदी कडक पाळतो – म्हणजे मी पाळते. आज तोडही त्यानेच काढली. "बोनलेस आणू. हाड नाही, रक्त नाही. ऑलमोस्ट व्हेजच झालं!" गराजमध्ये वेगळी सुरी, वेगळी फळी, वेगळा डबा. स्वयंपाकघरात काही आणायचं नाही आणि हाड तर घरातच नको.

माझ्या हातून आजवर अंडंसुद्धा फुटलेलं नाही. नाक दाबून ते गुलाबी तुकडे केले, तीनदा धुतले. पंतांनी गटकन गिळले. मी अजून हात धुतेय.

गुरुवार, २ मे

चिमट्यातून घेतलं! माझ्या चिमट्यातून! श्रीरंग आला की पाण्याखाली जातात.

रविवार, ९ जून

श्रीरंगचा नाद संपला. मला वाटलं होतं दिवाळीपर्यंत तरी टिकेल. आधी दुर्बीण आणली होती, ती ठेवायला बेसमेंट नाही म्हणून कपाटात उभी आहे. मग व्यायामाची सायकल, तिच्यावर मी टॉवेल वाळत घालते. मग मेक्सिकन गिटार. आणायचा उत्साह एवढा की कुणाचंही मन विरघळेल, माझंही विरघळलंच होतं. तीन आठवड्यांच्या रजेत पुण्याला आला, नऊ मुली पाहिल्या आणि मला घेऊन आला! मग सोमवारी ऑफिस.

दुर्बिणीला भूक लागत नाही. पंतांना लागते. टब रोज घासायचा, पाणी कोमट ठेवायचं, दिवा लावायचा. सगळं माझ्याकडे. मी म्हटलं, "अरे, आज तरी तू घास." म्हणाला, "तुला तो ओळखतो ना, तूच कर."

लायब्ररीतून पुस्तक आणलं. दुपारभर डिक्शनरी घेऊन वाचलं. आठ-दहा फूट वाढतो! पन्नास वर्षं जगतो! मी आज अठ्ठावीस. म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे धरून, मी ह्यांचा टब घासतेय! शिवाय परमिट लागतं, ते आपल्याकडे नाही. पाळीव होत नाही म्हणे कधीच, फक्त सवय होते. पुस्तकाचं पहिलंच वाक्य – विकत घेण्याआधी हे सगळं ध्यानात घ्या. मी ते श्रीरंगला जेवताना वाचून दाखवलं. "इंटरेस्टिंग," म्हणाला आणि कोशिंबीर मागितली.

शनिवार, २० जुलै

मराठी मंडळाचं पॉटलक, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचं जेवण, प्रतिमाकाकूंकडे होतं. डॉक्टरांची बायको, डॅलसला येऊन वीस वर्षं झालेली. त्यांना अख्खं मंडळ घाबरतं. माझ्या ताटलीत साखरभात वाढता वाढता सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं सुनेत्रा, ते जनावर घरात आहे तोवर आम्ही कुणी हळदीकुंकवाला यायचे नाही हो." मी म्हटलं, "दार बंद असतं, काकू." तर म्हणतात, "एक मूल होऊ दे. हे खूळ आपोआप जाईल."

सगळ्या हसल्या. श्रीरंगही हसला! मला इतका संताप आला की साखरभात तसाच खाली ठेवला. खूळ माझं? आणलं कुणी? मी मोठ्याने म्हटलं, "काकू, मूल झालं आणि कंटाळा आला, तर तेही असंच दुसऱ्यावर टाकायचं असतं का?"

  गाडीत मी खिडकी उघडी ठेवून घरापर्यंत गाणं म्हटलं. आवाज मुद्दाम मोठा!

मंगळवार, १३ ऑगस्ट

श्रीरंग म्हणतो, तळ्यात सोडू.

"त्याचं नॅचरल हॅबिटॅट आहे यार, मजेत राहील." ज्या तळ्यावर रविवारी लोक पोरांना पोहायला आणतात, त्या तळ्यात! आणि पंतांना शिकार कुठे येते? चिमटा पुढे आला की तोंड उघडायचं, एवढंच त्यांना येतं. मी शिकवलं ते. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मीच आणलं, मीच सोडतो." मी म्हटलं, "आणलंस तू. तेवढंच केलंस."

दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून कडी-कुलूप आणलं आणि बाथरूमच्या दाराला स्वतः ठोकलं. एक खिळा वाकडा गेला. किल्ली सेफ्टी पिनने मंगळसूत्राला अडकवली. त्याने बघितलं.  बघू दे!

रविवार, ६ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय. पंतांनी परवापासून खाल्लं नाही. तुकडा तोंडात धरतात आणि सांडतात. आज हिंमत करून हनुवटीखाली बोट लावलं. जबडा दबला. रबरासारखा दबला! शेपटीला कंप सुटलाय.

श्रीरंगला दाखवलं. त्याचाही चेहरा उतरला. त्याला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण वाईट वाटून झाल्यावर तो टीव्ही लावतो.

सोमवार, ७ ऑक्टोबर

चार डॉक्टरांनी फोनवर नाही म्हटलं – कुत्री-मांजरं फक्त. पाचव्या हो म्हणाल्या. डॉ. कॉनर्स, फोर्ट वर्थजवळ. परमिटचं विचारतील म्हणून उत्तर पाठ करून गेले होते. विचारलं नाही. एक्सरे काढला. पंतांची हाडं त्या काचेवर दिसेनात, धुरासारखी पुसट.

"व्हॉट आर यू फीडिंग हिम?" मी अभिमानाने सांगितलं – बोनलेस ब्रेस्ट, कातडी काढून, तीनदा धुऊन. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात समजावलं. ह्याला हाडासकट लागतं. अख्खा मासा, अख्खा उंदीर, मान, पाय. हाडातूनच ह्याला कॅल्शियम मिळतं. आणि ऊन. नुसत्या मऊ मांसावर ह्याच्या स्वतःच्या हाडांचं पाणी होतं.

हाड! जे घरात यायचं नव्हतं!

साडेपाच महिने मी जीव लावून त्यांना उपाशी ठेवलं. सासूबाईंना दिलेला शब्द, श्रीरंगचं ऑलमोस्ट व्हेज आणि माझी किळस – तिघांनी मिळून. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मागच्या सीटवर पिकनिकच्या बर्फपेटीत, कूलरमध्ये, पंत गप्प.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज कोंबडीच्या माना आणल्या. अख्खे छोटे मासे आणले, डोळ्यांसकट. आणि गराजमध्ये गेले नाही. गराजमधला दिवा मिणमिणता आहे, ओटा नाही, पाणी बादलीने न्यायचं. का म्हणून तिथे? स्वयंपाकघरात, ओट्यावर, बत्त्याने हाडं ठेचली. ज्या बत्त्याने वेलची कुटते त्याच! पहिल्या घावाला अंगावर शहारा आला. चौथ्याला नाही.

श्रीरंग दारात उभा. तोंड पांढरंफटक. "सुनू, अगं किचनमध्ये? आईला काय सांगू मी?"

"सांग, सुनेने हाडं फोडली. आणि हेही सांग की तू बर्गर खातोस."

"दॅट्स डिफरंट यार."

"हो. तुझं पोट भरतं, ह्याचा जीव वाचतो."

तो हॉटेलात जेवायला गेला. मी वरण-भात केला, त्याच ओट्यावर, धुऊन पुसून. चव नेहमीसारखीच होती.

गुरुवार, १० ऑक्टोबर

खाल्लं! अर्धी मान! सांडत, लवंडत, पण खाल्लं!

रविवार, ३ नोव्हेंबर

कंप थांबला. जबडा घट्ट होतोय, पण वाकडाच राहणार, डॉ. कॉनर्स म्हणाल्या. डाव्या बाजूचे दोन दात कायम बाहेर. आणि टबाचं माप विचारून दुसरंही म्हणाल्या. टबात हा वळू शकत नाही, बघ. खरंच आहे. वळायला गेले की नाक टबाच्या एका कडेला अडतं आणि शेपटी दुसऱ्या. मी रोज बघते आणि मला दिसलं नव्हतं.

ब्यूमाँटच्या पुढे एक जागा आहे. दलदल, तळं, कुंपण. परमिटवाले लोक आहेत, असे टाकलेले अ‍ॅलिगेटर घेतात. नंबर दिला.

सगळ्यांशी भांडून ठेवलं ते काय सोडायला? दोन दिवस ह्याच विचारात होते. प्रतिमाकाकू म्हणतील, बघ, आम्ही सांगत होतो. म्हणू दे! मी हरले म्हणून पाठवत नाहीये. त्यांना वळता यावं म्हणून पाठवतेय. हे मी ठरवलंय, आणि ह्या घरात मी ठरवलेली ही पहिलीच मोठी गोष्ट आहे.

श्रीरंग खूश. "नेक्स्ट वीकेंडला मी घेऊन जातो."

रविवार, १७ नोव्हेंबर

दोन वीकेंड झाले. एकदा ऑफिसातलं कसलं तरी रिलीज, एकदा टेनिस.

बुधवार, २० नोव्हेंबर

मी गेले. एकटी! जुन्या डॅटसनने. आजवर ग्रोसरी आणि लायब्ररी ह्यापलीकडे गाडी नेली नव्हती. हायवेवर ट्रक शेजारून गेला की गाडी थरथरायची आणि मी वेग कमी करायची. कूलर पुढच्या सीटवर, तोंडाला टेप लावलेले पंत आत, हीटर फुल.

तिथल्या बाईंचं नाव कॅरल. रबराचे बूट, आवाज खणखणीत. टेप तिने काढू दिला मला. पंत चिखलावर बराच वेळ तसेच बसले. मग वळले. पूर्ण वळले, शेपटीसकट, आणि पाण्यात गेले. मागे बघितलं नाही. कशाला बघतील?

मी पोटभर रडले. कॅरल कुंपणाला टेकून उभी राहिली. निघताना एवढंच म्हणाली, पुन्हा ये.

येताना मी एका ट्रकला मागे टाकलं.

रविवार, १ डिसेंबर

घर फार शांत आहे. टब घासून कोरडा केला. कुलूप काढलं, भोकं राहिली. सकाळी ग्रोसरीला गेले तर सवयीने माशाचं दुकान आधी बघितलं आणि मग आठवलं.

श्रीरंगला समोर बसवलं, टीव्ही बंद केला. सगळं बोलले. ह्यापुढे घरात कुठलाही जीव विचारल्याशिवाय आणायचा नाही. जानेवारीपासून मी कॉलेजला जाणार, अ‍ॅनिमल सायन्स. आणि माझ्या बाबतीत काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं. त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते त्याचे. "ऑफ कोर्स सुनू. प्रॉमिस."

मी विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला.

मंगळवार, २४ डिसेंबर

ऑफिसातून लवकर आला. हातात खोका, वर लाल रिबन. "डोळे मीट." मी मिटले नाहीत.

दीड वीत. काळं-पिवळं.

"तू इतकी उदास होतीस ना! म्हटलं सरप्राइज."

बुधवार, २५ डिसेंबर

गॅस स्टेशनवर पेट्रोल भरायला थांबलेय, ब्यूमाँट अजून दोन तास. पिल्लू पुढच्या सीटवर, हीटर चालू. ह्याला मी नाव ठेवलेलं नाही. कॅरलला फोन केला, ती घरीच आहे.

माझी बॅग मागच्या सीटवर आहे.