सुभेदाराची भीती गेली त्याची हकीकत

ती. पूवक्कास,

तीनदा पाया पडतो (गुडघ्यांमुळे तिसऱ्यांदा मनातल्या मनात). दोन मैलांवर राहून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझा रक्तदाब, मिरीचे वेल, सगळं ठीक असेलच. तुझ्या सासूबाई त्र्याण्णवाव्या वर्षीही माणसं ओळखतात हे ऐकून आनंद झाला. मला ओळखत नाहीत हे ऐकून त्याहून जास्त.

तू दिलेल्या कुत्र्याविषयी लिहायचं आहे. "शिकारी कुत्रीचं पिल्लू आहे, वाघाला भिणार नाही," म्हणाली होतीस. वाघाचा प्रसंग अजून आला नाही, पण आमचा सुभेदार कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली जातो. गेल्या वर्षी कैलपोदच्या सणाला बंदुकांची पूजा झाली, नारळावर पहिला बार उडाला आणि हा जो पळाला तो सहा दिवसांनी लंगडत परत आला. तोवर तुझी भावजय बोळ्ळम्मा धड जेवली नाही. मीही मळ्यामळ्यांतून हाका मारत फिरलो (रडलो नाही, धुकं होतं). यंदा तिने बजावलं, "तो पळाला तर तुम्हीही घरी येऊ नका."

गुरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. लांबून बार काढा, त्याच क्षणी कुत्र्याला आवडीचं खायला द्या, रोज थोडं जवळ या. मी कॉफीच्या मळ्याच्या टोकाला, बोळ्ळम्मा ओट्यावर, हातात डुकराच्या मटणाची वाटी. पहिल्या दिवशी एक बार काढला. आपल्याकडे एक बार म्हणजे मुलगा झाला, हे साफ विसरलो. शेजारचा कावेरप्पा बाटली घेऊन हजर. बोळ्ळम्माला एकसष्टावं चालू आहे. तो माझ्याकडे फार आदराने बघत होता.

हा घोटाळा नको म्हणून दुसऱ्या दिवशी हुशारी करून दोन काढले. दोन बारांचा अर्थ तुला सांगायला नको. अर्ध्या तासात सारा गाव पांढऱ्या कपड्यांत अंगणात, माणूस गेलं म्हणून. ओट्यावर बोळ्ळम्मा हसत कुत्र्याला मटण भरवतेय, तेव्हा गेलो तो मीच, हे लोकांनी ताडलं. मी झुडपामागून ऐकत होतो. "देवमाणूस होता," इथवर छान चाललं होतं. मग कावेरप्पा म्हणाला, "माझी शिडी तेवढी राहिली त्याच्याकडे." मला बाहेर यावंच लागलं. मला जिवंत बघून इतकं हिरमुसलेलं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आलाच आहेस तर शिडी दे," कावेरप्पा म्हणाला.

पुढे गावाला सांगून महिनाभर हेच केलं. यंदा कैलपोदला पहिल्या बाराला सुभेदार पळाला खरा, पण बंदुकीकडे. नेम धरणाऱ्याच्या पायाशी जीभ काढून बसला. बोळ्ळम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही (धुकं नव्हतं).

तुझा धाकटा,
बिद्दप्पा

ता. क. गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीत एक आजोबा गेले. दोन बार झाले. नातेवाइकांच्या आधी सुभेदार पोचला आणि प्रेताशेजारी शेपूट हलवत स्वयंपाकघराकडे बघत बसला. तेव्हा सासूबाईंचं काही झालं तर बार काढण्याआधी मला फोन कर, मी त्याला बांधतो. (घाई नाही.)

ता. क. २. माझी वेळ आली की मात्र त्याला बांधू नका. तू मोठी असलीस तरी मला पुरून उरशील, म्हणून तुलाच सांगतो. दोन बार झाले की आधी त्याला मटण दे, मग रड. नाहीतर त्याची भीती परत येईल, पळून जाईल बिचारा, आणि तेव्हा शोधायला मी नसेन.