बेंकी बंतु

९ जानेवारी १९७५

आज पुन्हा रिकामा डबा घेऊन घरी! बाळासो म्हणाले, बॅरल आलंच नाही. खोटं. दुकानाच्या मागं उतरवताना मी या डोळ्यांनी बघितलं. ग्रामपंचायतीला आमच्या घरानं त्यांच्या माणसाला मत दिलं नाही, तेव्हापासून आमच्या डब्यात रॉकेल पडत नाही. रेशनचं दुकान त्यांचं, टपालाची पेटी त्यांच्याच ओट्यावर. गावाचा दिवा त्यांच्या हातात आणि गावाची पत्रंही.

हे सोलापूरच्या शाळेत शिकवून संध्याकाळी आले. सांगितलं, तर रागवायचं सोडून हसले. म्हणे, तेलवाल्या देशांनी मागं सगळ्या जगाला हेच केलं की! तोटी बंद केली आणि मोठमोठी राज्यं हात जोडून उभी राहिली. असतील. पण त्या राज्यांना अंधारात भाकरी थापावी लागली नाही. मला लागली.

१२ जानेवारी

यांचा नियम — वही रोज लिहायची आणि मराठीत लिहायची. घरात आम्ही कन्नड बोलतो. पण कन्नड अक्षरं ना यांना येत ना मला. लग्न होऊन आले तेव्हा मला कसलंच अक्षर येत नव्हतं. यांनी शिकवलं, मराठीतलं. जोडाक्षर अजून चुकतं. चुकू दे, माझीच वही आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला यांचं भाषण. आधी गॅसचं शास्त्र सांगितलं, अर्ध्या गावानं जांभया दिल्या. मग म्हणाले, मत देताना माणसाला रॉकेलच्या डब्याची भीती वाटत असेल तर त्याला मत म्हणायचं का? देशाचंही तेच. इंधन बाहेरून आणायचं, तोवर बाहेरच्यांचे डोळे वटारलेले. आपल्या गोठ्यात शेण आहे, डोक्यावर ऊन आहे. ते कोण बंद करणार?

बायकांच्या बाजूनं मी टाळी वाजवली. एकटीनंच! लाज वाटली. बाळासो पहिल्या रांगेत बसून नखं बघत होते.

३ मार्च

गोठ्यामागं खड्डा घ्यायला लागले. गोबर गॅसचा. म्हशी चार, शेण भरपूर. खाली विटांची विहीर, वर लोखंडी टाकी पालथी घालायची, टाकीतून नळी थेट स्वयंपाकघरात. मी म्हटलं, अत्ती काय म्हणतील? अत्ती म्हणजे सासूबाई, सिद्धम्मा. लिंगपूजा झाल्याशिवाय चुलीला हात लावू देत नाहीत. शेणाच्या वाफेवर अन्न शिजवू देतील होय!

यांनी भीत भीत विषय काढला. अत्तींनी जपमाळ बाजूला ठेवली. "कपाळाला विभूती लावतोस ती कशाची हाय? शेणाचीच की. कपाळाला चालतंय ते भाकरीला का चालू नये?" झालं! आठ दिवस काळजी केली ती फुकट गेली.

२७ जून

रेडिओवर आणीबाणी म्हणतात. सभा नाही, मोर्चा नाही, पेपरात काय छापायचं तेही विचारून. हे जेवले नाहीत. मी म्हटलं, दिल्लीत काय ते होऊ दे, तुम्ही जेवा. म्हणाले, दिल्लीनं बाळासोंसारखं केलं गं, सगळ्या देशाच्या डब्यावर झाकण ठेवलं.

१९ जुलै

टाकी वीतभर वर आली. काडी लावली तर विझते. दहा दिवस झाले, रोज काडी, रोज फुस्स. यांचं म्हणणं, पहिला वायू जळत नाही, सोडून द्यायचा असतो. शेण कालवून माझे हात कोपरापर्यंत हिरवे. शेजारणी हसतात. मलाही हसू येतं, पण यांच्यासमोर नाही.

८ ऑगस्ट

पेटली! निळी! धूर नाही, राख नाही. अत्तींनी ज्योतीला हळदकुंकू वाहिलं. हे तर लहान पोरासारखे टाकीभोवती फिरत होते. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सगळ्या गावाला दाखवायचं ठरलं.

मला राहवेना. नणंदेला, मल्लव्वाला, अक्कलकोटकडं कार्ड टाकलं. आम्ही दोघी बोलतो तसंच लिहिलं — कन्नड, मराठी अक्षरात. "बेंकी बंतु. सगणी साकु. सोमवार एल्लारू बर्री." म्हणजे, विस्तव आला. शेण पुरे झालं. सोमवारी सगळेजण या. खाली नाव यांचं घातलं. बाईच्या नावानं कार्ड कसं टाकायचं? आमच्यात तशी रीत नाही. बाळासोंच्या ओट्यावरच्या पेटीत स्वतः टाकून आले.

१७ ऑगस्ट

यांना नेलं.

सकाळी जीप आली. अधिकारी कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला. हातात माझं कार्ड. मल्लव्वाला मिळालंच नव्हतं ते. मोठ्यानं वाचलं. त्याच्या मते बेंकी बंतु म्हणजे बँक आणि बंदूक. सोमवार म्हणजे दिवस ठरला. साकू कोण? एल्लारू कोण, कुठं राहतो?

यांना आधी हसू फुटलं. मग नीट समजावून सांगितलं. बेंकी म्हणजे विस्तव हो, एल्लारू म्हणजे सगळे. टाकी दाखवली, ज्योत पेटवून दाखवली. अधिकारी म्हणाला, शेण पुरे झालं असं पत्र कोण कोणाला लिहितं? मग जानेवारीतल्या भाषणाचा कागद काढला. तो कोणी पोचवला देव जाणे. लोकांना सरकारविरुद्ध भडकावणं, असं त्यावर लिहिलेलं.

मग विचारलं — "अक्षर कोणाचं?"

मी दाराआड होते. यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझं," म्हणाले.

आणि मी तोंड उघडलं नाही! जीप धुरळ्यात गेली तरी माझं तोंड मिटलेलंच. थू माझ्या जिंदगीवर.

१८ ऑगस्ट

सोमवार. कोणी आलं नाही. अत्ती म्हणाल्या, पेटव. पेटवली. भाकरी केल्या. धूर नाही, त्यामुळं डोळे कशानं गळतात ते अत्तींना सांगता येईना.

२ सप्टेंबर

अर्ज लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा जमला. "कार्ड मी लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं. बेंकी म्हणजे विस्तव. त्यांना सोडा, मला न्या." सोलापूरला एस्टीनं जाऊन कलेक्टरसाहेबाच्या हापिसात दिला. शिपायानं घेतला, पोच मागितली तर दारच लावलं.

अत्तींना यातलं काही सांगितलं नाही. जीभ रेटत नाही.

३० ऑक्टोबर

उत्तर नाही. दुसरा अर्ज दिला.

१४ डिसेंबर

तुरुंगात भेट झाली. वीस मिनिटं. मध्ये जाळी, शेजारी स्टूल टाकून शिपाई.

मी तोंड उघडलं तसा शिपाई ओरडला, मराठीत बोला, आम्हाला कळलं पाहिजे. नवराबायकोनं आयुष्यात मराठीत कधी जिवाचं बोलणं केलेलं नाही. मराठी आमची शाळेतली, बाजारातली. हे वाळलेत. गालाची हाडं वर आलीत. विचारलं काय, तर ज्योत निळी आहे का! मी म्हटलं, निळी आहे. म्हशी? बऱ्या आहेत. अत्ती? बऱ्या आहेत.

शेवटी मी म्हणालेच, मी अर्ज दिलेत, खरं लिहून दिलंय. यांचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. "तू काय बी करू नकोस. शेण कालवत जा," म्हणाले. वेळ संपली.

ऐकणार नाही. माझ्यामुळं आत आहेत, मीच बाहेर काढीन.

१० फेब्रुवारी १९७६

तिसरा अर्ज. या वेळी खाली तेच कन्नड वाक्य पुन्हा लिहून दिलं, अक्षराला अक्षर लावून बघा म्हणून. कोणी आंधळासुद्धा ओळखेल.

४ मे

उत्तर नाही. हापिसात गेले तर म्हणतात, फाईलला लावलंय, बाई, जावा.

२१ जुलै

आता बाळासो ऑपरेशनचा कागद बघून रॉकेल देतात. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं असेल तर डबा भरणार. शेजारची वच्छला रडत आली. लग्नाला दीड वर्ष झालंय तिच्या, पाळणा अजून हललेला नाही आणि नवऱ्यावर दडपण. तिला म्हटलं, तुझं कालवण आण, माझ्या शेगडीवर कर. दुपारपर्यंत सहाजणी आल्या. ज्या हसायच्या त्याच!

वच्छलाच्या सासऱ्यानं खड्डा घ्यायला सुरुवात केली आहे. मला विचारायला आले, विहीर किती खोल. मी सांगितलं. यांनी बघायला पाहिजे होतं. नुसतं ऐकून सुद्धा उड्या मारल्या असत्या.

५ नोव्हेंबर

तार आली.

कावीळ म्हणे. तीन आठवडे होती म्हणे. आम्हाला कोणी कळवलं नाही.

हे गेले.

९ नोव्हेंबर

परवा मळ्यात माती दिली. आमच्यात बसवून देतात, हातात लिंग, कपाळाला विभूती. अत्तींनी स्वतः लावली.

आज त्यांना सांगितलं. कार्ड मी लिहिलं होतं. जीप आली तेव्हा मी दाराआड गप्प उभी होते. तुमचा मुलगा माझ्या अक्षरापायी गेला. अत्तींनी ऐकून घेतलं आणि उठून गोठ्यात गेल्या.

१६ नोव्हेंबर

अत्ती बोलत नाहीत. ताट ठेवते, जेवतात. बरोबर आहे त्यांचं.

वहीला हात लावावासा वाटत नाही. या अक्षरांची शिसारी येते. कशाला शिकले मी!

२ डिसेंबर

सकाळी शेण कालवायला गेले तर अत्ती आधीच खड्ड्याशी बसलेल्या, बाह्या वर करून. मला म्हणाल्या, पाणी वत. मी ओतलं. एवढंच बोलणं झालं. त्या रोज येतात आता.

२२ मार्च १९७७

निवडणूक झाली, निकालही लागला. रेडिओ म्हणतो सरकार पडलं, आणीबाणी उठवली.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाळासोंचा माणूस दारोदार फिरला, रॉकेल सुटलंय, कुणाला द्यायचं ते बघू म्हणत. आमच्या आळीत आता चार टाक्या आहेत. चारही घरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. वच्छला तर त्याला शेगडी दाखवायला आत घेऊन गेली! सगळं यांच्या बोलण्यासारखं झालं, अगदी शब्दाला शब्द. रात्रंदिवस हेच सांगायचे आणि बघायला तेवढे हे नाहीत. सगळ्यांची माणसं सुटून घरी येताहेत. वळसंगच्या स्टँडवर काल हार घेऊन लोक उभे होते. मी एस्टीत मान खाली घालून बसले.

४ एप्रिल १९७७

सोलापूरच्या हापिसात यांचं सामान घ्यायला गेले. चष्मा, धोतर, चप्पल. कारकून नवा होता, भला होता. फाईल उघडून बसला. माझे तिन्ही अर्ज आत होते! तिन्हींवर लाल शेरा — बनावट, दुसऱ्याकडून लिहून आणलेला. मी विचारलं, असं का? त्यानं खालचा कागद काढून वाचून दाखवला. यांचा जबाब, यांच्याच अक्षरात, पहिल्या अर्जानंतरचा. "माझी पत्नी निंगव्वा निरक्षर आहे. तिला एकही अक्षर लिहिता येत नाही."

कारकुनानं सामानाच्या पावतीवर बोट ठेवलं, पेन आणि शाईची पेटी दोन्ही पुढं केलं. म्हणाला, सही येते का, बाई?

मी अंगठा दिला.